जुन्या व्यापारी इमारतीत वाचनालय आणि रंगमंच: सुरुवात कुठून करावी?

पिंपळपान

नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेला एक जुनी व्यापारी इमारत दीर्घ मुदतीवर मिळते आहे. पुढच्या भागात तळाला दुकानांचे गाळे आणि वर दोन मजले कचेऱ्या, हा भाग आरसीसीचा. मागे जुनं गोदाम आहे. त्याच्या भिंती जाड विटांच्या, मधे ओतीव लोखंडाचे खांब, वर गर्डर आणि गर्डरांच्या मधे विटांच्या बुटक्या कमानी. कित्येक वर्षं सगळं बंद आहे. छतावरून पाणी येतं, काही भिंतींना ओल आहे, कचेऱ्यांत फॉल्स सीलिंग आणि पार्टिशनची गर्दी.

आम्हाला तिथे वाचनालय, शंभरेक प्रेक्षकांचा छोटा रंगमंच आणि मुलांच्या कार्यशाळेसाठी एक मोठी खोली करायची आहे. मालक पाडून नवं बांधायलाही तयार आहेत आणि आमच्या समितीत त्यावरून दोन तट पडलेत. माझं मत इमारत ठेवावी असं आहे. गोदामाच्या भिंतीवर अजून पेन्सिलीने लिहिलेले पोत्यांचे हिशोब दिसतात. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी, असे गठ्ठेच्या गठ्ठे. हे सगळं मलब्यात जावं असं वाटत नाही. पण नुसत्या वाटण्यावर शंभर माणसं छताखाली बसवता येत नाहीत, हेही कळतं. आधी काय तपासायचं, कुणाला बोलवायचं, कशाला हात लावायचा नाही? ज्यांनी असं काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं.

ओळंबा

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, अशा इमारतींचीच कामं करतो. सर्वात आधी पाणी थांबवा. गच्ची, पन्हळी, पावसाच्या पाण्याचे उभे पाइप, जोत्याभोवतीचा निचरा. पाणी आत येतंय तोवर बाकी कुठल्याही दुरुस्तीला अर्थ नाही. कायमचं वॉटरप्रूफिंग नंतर, तूर्त ताडपत्री आणि साफ केलेल्या पन्हळी चालतील.

त्यानंतर फॉल्स सीलिंग उतरवा. पूर्ण नाही, आधी प्रत्येक मजल्यावर तीन-चार ठिकाणी, कॉलमजवळ आणि बाथरूमच्या खाली. बीम कॉलमला मिळतो तिथे तिरकी चीर दिसली तर काम थांबवून टेकू द्या आणि इंजिनिअरला बोलवा. बीमच्या मधोमध केसाएवढ्या उभ्या चिरा बऱ्याचदा असतात, त्या तेवढ्या काळजीच्या नसतात. तिरकी चीर मात्र शिअरची, म्हणजे बीम आडवा कापला जाण्याच्या ताणाची असते आणि शिअर फारसा इशारा देत नाही.

मग चाचण्या. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासोनिकने काँक्रीट न फोडता त्याच्या ताकदीचा साधारण अंदाज येतो, पण भिस्त कोअर टेस्टवर, म्हणजे काँक्रीटचा नळकांड्यासारखा गोल तुकडा कापून काढून केलेल्या तपासणीवर ठेवा. कोअर काढला की त्याच्या ताज्या कापावर फिनॉल्फ्थॅलीन हे रंग बदलणारं रसायन मारून बघा. काँक्रीट गुलाबी झालं तर त्याचा अल्कधर्मी गुण शाबूत आहे, म्हणजे आतल्या सळईला संरक्षण आहे. रंग आलाच नाही तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तेवढी खोली निकामी केली आहे. ही रंगहीन पट्टी सळईपर्यंत पोचली असेल तर आज गंज दिसत नसला तरी ओल मिळाली की धरणार. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून तो कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, फोडून बाहेर येतो. त्यावर नुसता गिलावा मारणारा कंत्राटदार भेटला तर त्याला नमस्कार करून परत पाठवा.

टिकाव

इथे सगळे भावनेने लिहितील म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी पाडण्याच्या बाजूचा. जुन्या इमारतीत प्रत्येक भिंत उघडली की नवा खर्च निघतो. मजल्याची उंची आपल्या हातात नाही, कॉलम नको तिथे, लिफ्टला जागा नाही, चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला तीन पायऱ्या चढून आत यावं लागतं. नवं बांधलं तर पहिल्या दिवसापासून सगळं हवं तसं. शंभर माणसांच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, पेन्सिलीच्या रेघांचा नाही.

मुक्ता७

टिकाव, चाकाच्या खुर्चीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी इमारत पाडायची? मागच्या गोदामाला मालाचे दरवाजे असतात, ते रुंद असतात आणि बहुतेकदा रस्त्याच्या पातळीला. तेच मुख्य प्रवेशद्वार करा. सगळ्यांसाठी एकच, म्हणजे कुणाला बाजूच्या दाराने यावं लागणार नाही.

काटकोन

मी वास्तुरचनाकार. मुक्ता७ यांना जोरदार अनुमोदन.

टिकाव, "नवं बांधलं तर हवं तसं" हे अर्धंच खरं आहे. नवं बांधताना जागेचे आजचे नियम लागतात आणि जुन्या इमारतीएवढं क्षेत्र किंवा उंची परत मिळेलच असं नाही. शिवाय जुन्या सांगाड्यात जे सिमेंट, पोलाद आणि विटा गेल्या त्यांचा कार्बन आधीच हवेत गेलाय. जगाच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के नुसत्या सिमेंटनिर्मितीतून येतो. धड उभा असलेला सांगाडा मोडून तोच पुन्हा ओतायचा तर त्याला तसंच कारण हवं.

पिंपळपान, माझा सल्ला: "इथे आम्हाला अमुक हवं" अशी यादी घेऊन इमारतीत शिरू नका. रिकाम्या हाताने जा आणि कुठली जागा कशाला आपणहून योग्य आहे ते पाहा. ब्राझीलमधल्या साओ पाउलोत वास्तुरचनाकार लीना बो बार्दी यांनी पिंपांच्या जुन्या कारखान्याचं सेस्क पोंपेइया हे सांस्कृतिक केंद्र केलं, 1977 ते 1986. त्या तिथे गेल्या तेव्हा रिकाम्या शेडमध्ये मुलं खेळत होती, म्हातारी माणसं बसली होती. केंद्र तिथे आधीच सुरू होतं, असं त्यांनी मानलं आणि शेड तशाच ठेवल्या. क्रीडासंकुलासाठी मात्र काँक्रीटचे नवे मनोरे बाजूला उभे केले, कारण मोठी मैदानं त्या शेडमध्ये मावणारी नव्हती. जुन्याला जे जमत नाही ते त्याच्यावर लादायचं नाही.

वाळूघड्याळ

वाचतोय. फ्रान्समधल्या डंकर्कचं उदाहरणही असंच. जहाजबांधणीची एक प्रचंड रिकामी शेड होती, तिच्यात कलासंग्रह बसवायचा होता. लाकातों आणि वासाल या वास्तुरचनाकारांनी शेड रिकामीच ठेवली आणि शेजारी तिच्याच मापाची हलकी, पारदर्शक जुळी इमारत बांधली. 2013 मध्ये सुरू झाली. संग्रह नव्या इमारतीत, आणि जुनी शेड मोठ्या कार्यक्रमांना मोकळी. दोघांना पुढे 2021 चं प्रित्झ्कर हे वास्तुकलेचं मोठं पारितोषिक मिळालं.

टिकाव

शेजारी मोकळी जागा असणाऱ्यांच्या गोष्टी आहेत या. पिंपळपान यांच्याकडे आहे का?

पिंपळपान

नाही. तिन्ही बाजूंनी इमारती आहेत, मागे फक्त माल उतरवायची छोटी गल्ली. ती मात्र रस्त्याच्या पातळीला आहे, मुक्ता७ यांचा अंदाज बरोबर.

ओळंबा काका, एक विचारायचं होतं. वाचनालय आम्ही दुसऱ्या मजल्यावर धरलंय, कारण तिथे आवाज कमी आणि उजेड भरपूर. कचेऱ्यांचा स्लॅब पुस्तकं पेलेल ना?

ओळंबा

बरं झालं विचारलंत. कचेरीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला अडीचशे-तीनशे किलो चल भार (माणसं आणि सामानाचा) धरून केलेला असतो. आता पुस्तकांचं बघा. एक मीटर लांबीच्या फळीवर पुस्तकं ठासून भरली तर तीसेक किलो होतात. सहा फळ्यांचं कपाट म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलो, आणि ते उभं राहतं जेमतेम पाव-अर्धा मीटर रुंदीच्या पट्ट्यात. पाठीला पाठ लावून दोन कपाटं, मधे अरुंद वाट, पुन्हा दोन कपाटं, अशी रांग लावली की मधली वाट धरूनही भार कचेरीच्या हिशोबापलीकडे सहज जातो. रुळांवर सरकणारी कपाटं तर त्याहून जड, कारण त्यात एखादीच वाट उरते.

वापर बदलला की भार बदलतो, आणि हे न मोजण्याचे परिणाम फार वाईट झालेत. सोलमधलं साम्पुंग डिपार्टमेंट स्टोअर 29 जून 1995 ला कोसळलं, 502 माणसं गेली. ती इमारत आधी वेगळ्या वापरासाठी आखली होती, बांधता बांधता तिचं दुकान केलं. सरकत्या जिन्यांसाठी जागा काढताना सांगाडा दुबळा झाला, वर पाचवा मजला चढवला, तिथे उपाहारगृहं आली. गच्चीवरची वातानुकूलनाची अवजड यंत्रं उचलून न नेता स्लॅबवरून सरकवत नेली. तिथल्या चिरा आधीपासून दिसत होत्या. बांगलादेशातलं राणा प्लाझा 24 एप्रिल 2013 ला पडलं. दुकानं आणि कचेऱ्यांसाठीच्या त्या इमारतीत वरच्या मजल्यांवर कपड्यांचे कारखाने, यंत्रं आणि जनरेटर होते. अकराशेवर माणसं मेली. आदल्या दिवशी भेगा पाहून खालची बँक रिकामी केली होती आणि कामगारांना मात्र परत आत बोलावलं.

घाबरवायला लिहीत नाही. दोन्हीकडे इमारतीने आधी सांगितलं होतं, एवढंच लक्षात ठेवा.

पारंबी

हे वाचून खरंच काटा आला. धन्यवाद काका, इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल.

काटकोन

मग वाचनालयाचे दोन भाग करा. जड संग्रह, जुने अंक, संदर्भग्रंथ तळमजल्यावर, जिथे फरशी थेट जमिनीवर टेकलीय. वर फक्त बसून वाचायची जागा आणि कमरेएवढी बुटकी कपाटं, शक्यतो बीमच्या रेषेत.

गवाक्ष

काटकोन ताई, काही भिंतींना ओल आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय, तळमजल्यावर ती असण्याची शक्यता जास्त. ओलसर भिंतीला जुने अंक टेकवले की एका पावसाळ्यात बुरशी.

काटकोन

बरोबर, म्हणून आधी भिंतींचं बोलू. जुन्या विटांच्या भिंतीला नंतर कुणीतरी सिमेंटचा गिलावा चढवलेला असतो. जमिनीतून चढलेलं पाणी पूर्वी चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू उडून जायचं. सिमेंटने ती वाट बंद होते, पाणी भिंतीतच वर वर चढतं आणि छातीएवढ्या उंचीवर लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी भुकटी, फुटतो. तिथे पुन्हा सिमेंट मारलं की दोन वर्षांत पुन्हा पोपडे. सिमेंट काढा, भिंत काही महिने उघडी सुकू द्या, क्षार झाडून घ्या, मग चुन्याचा गिलावा. बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा उंच झाली असेल तर ती खाली घ्या, बऱ्याच वेळा सगळी ओल तेवढ्यानेच निम्मी होते. कपाटं भिंतीपासून हातभर पुढे आणि फरशीपासून वर.

जाता जाता एक. गिलावा काढून विटा उघड्या ठेवायची फार हौस असते. वीट चांगली असेल तर जरूर ठेवा, पण सँडब्लास्टिंग, म्हणजे जोराने वाळूचा मारा, करू नका. भट्टीत भाजताना विटेवर जी कठीण कातडी तयार होते ती त्याने निघून जाते आणि आतली मऊ वीट पाणी प्यायला लागते. हाताने, छिन्नी जपून वापरून आणि मऊ ब्रशने साफ करा. मऊ विटांच्या सांध्यांत सिमेंट भरलं तर वीट कडेने झिजते, तिथेही चुनाच. आणि पेन्सिलीचे हिशोब आहेत तो पट्टा कुणालाही ब्रश लावू देऊ नका.

टिकाव

चुन्याचं काम करणारे कारागीर मिळतात का, ते आधी विचारा.

काटकोन

मिळतात, शोधावे लागतात. जिथे जुन्या वास्तूंची दुरुस्ती चालू असेल त्या कामावर जाऊन भेटा. निविदा काढण्याआधी एका कोपऱ्यात मीटरभराचा नमुना करून घ्या.

गवाक्ष

माझा विषय अग्निसुरक्षा. अजून कुणी काढला नाही म्हणून लिहिते.

शंभर माणसं एका वेळी बाहेर पडणार, हे धरून रंगमंचाची जागा ठरवा. बाहेर पडायच्या दोन वाटा, एकमेकींपासून लांब. दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, ढकलली की सुटणारी. जुन्या कचेऱ्यांचा मधला उघडा जिना आग लागली की धुराचं धुराडं होतो. त्याला आगरोधक भिंत आणि आपोआप मिटणारं दार लागेल, आणि दुसरा जिना बाहेरून काढावा लागेल. वापर बदलताना परवानगी नव्याने घ्यावी लागते. तेव्हा हे सगळं विचारतातच, म्हणून आराखड्याच्या पहिल्या कागदावर ते असू द्या.

गोदामातले ओतीव लोखंडाचे खांब फार देखणे असतात, पण ओतीव लोखंड ठिसूळ. ते दाब पेलतं, ताण आणि वाक पेलत नाही, आणि आगीत तापल्यावर त्यावर थंड पाण्याचा मारा झाला तर तडकू शकतं. त्यांना आगरोधक रंग लागतो. फुगणारा रंग मिळतो, पातळ थरात बसतो, खांबावरची नक्षी झाकली जात नाही.

ओळंबा

गवाक्ष यांच्याशी पूर्ण सहमत. भर म्हणून: त्या खांबांवर वेल्डिंग करू देऊ नका, नवे ब्रॅकेट पट्ट्याने आवळून बसवा. आणि कमानींच्या छताला गर्डरांना जोडणारे आडवे लोखंडी गज असतात, ते मधे येतात म्हणून कुणी कापले तर कमानी गर्डरांना बाजूला ढकलतात. गज राहू द्या.

रंगमंचाबद्दल माझं मत वेगळं आहे. प्रेक्षकांसमोर खांब नको असेल तर सर्वात वरचा मजला बरा. तिथले कॉलम फक्त छत पेलतात, ते काढून मोठा ट्रस (लांब पल्ल्याची त्रिकोणी जाळीची तुळई) टाकणं शक्य असतं. तळमजल्यावरचा कॉलम काढला तर वरच्या सगळ्या मजल्यांचा भार शेजारच्या कॉलमवर आणि त्यांच्या पायावर जातो.

गवाक्ष

काका, तांत्रिकदृष्ट्या बरोबर, पण शंभर माणसांना दुसऱ्या मजल्यावरून जिन्याने उतरवायचं? त्यात लहान मुलं, आजी-आजोबा, चाकाची खुर्ची. आग लागली की लिफ्ट बंद. गर्दीची जागा जमिनीवरच हवी.

रंगपट

नाटकवाला आहे. तुम्ही दोघं भांडू नका, खांब राहू द्या! शंभर प्रेक्षकांना तिन्ही बाजूंनी बसवता येतं. खांब खेळाच्या जागेच्या कडेला येतील अशा बेताने रांगा मांडल्या की ते दिवे टांगायला आणि पडदे बांधायला कामाला येतात. गोदामाची उंची मिळतेय हेच मोठं. कचेरीच्या मजल्यावर दिवे नटाच्या डोक्याला लागतात.

मला खरी काळजी आवाजाची वाटते. विटा, काँक्रीट, काच, रिकामी खोली: टाळी वाजवली तर भिंतींवरून फिरत राहते, आणि संवादाचा शेवटचा शब्द पुढच्या शब्दात मिसळतो.

वाळूघड्याळ

त्याचा हिशोब सोपा आहे. हार्वर्डमध्ये वॉलेस सबाइनने 1895 पासून एका बिघडलेल्या व्याख्यानगृहात खुर्च्यांच्या गाद्या आणून रात्री मोजमापं केली, त्यातून हे सूत्र आलं: निनादाचा काळ (आवाज थांबल्यावर तो खोलीत विरायला लागणारा वेळ) म्हणजे 0.161 गुणिले खोलीचं घनफळ, भागिले भिंती-वस्तूंनी आवाजाचं केलेलं एकूण शोषण. समजा गोदामाचा तो भाग 500 घनमीटर आहे आणि कोऱ्या भिंतींचं शोषण जेमतेम 30 चौरस मीटरइतकं. काळ येतो पावणेतीन सेकंदांच्या आसपास. बोलणं नीट समजायला तो एका सेकंदाच्या आत हवा. 0.8 सेकंद धरले तर शोषण 100 चौरस मीटर लागेल. प्रेक्षक स्वतः बराच आवाज शोषतात, उरलेलं जाड पडद्यांनी आणि भिंतींवरच्या लोकरी पॅनेलनी भागतं. पडदा भिंतीपासून वीतभर पुढे टांगला तर खालच्या पट्टीतला आवाजही जास्त धरतो.

रंगपट

हे छापून तालमीच्या खोलीत लावतो. मनापासून आभार.

दीपमाळ

विजेचं काम करते. जुन्या कचेऱ्यांत प्रत्येक भाडेकरूने आपली वायरिंग आधीच्या वायरिंगवर चढवलेली असते. कुठली वायर जिवंत, कुठली मेलेली, हे बाहेरून कळत नाही. तोडफोड सुरू होण्याआधी मुख्य जोडणी बंद करून कामापुरतं तात्पुरतं स्वतंत्र बोर्ड घ्या. जुनं एकही सर्किट वापरू नका. रंगमंचाच्या दिव्यांचा आणि वातानुकूलनाचा भार आधी कळवा, वीजजोडणी वाढवून मिळायला वेळ लागतो आणि उद्घाटन त्यावरच अडतं.

मागे पत्र्याचं छत आहे का? जुने सिमेंटचे पन्हळी पत्रे असतील तर त्यात ॲसबेस्टॉस असू शकतं. ते फोडू नका, त्याला ड्रिल लावू नका. आधी तपासणी, मग प्रशिक्षित माणसांकडून ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवणं.

पारंबी

मुलांच्या खोलीचं कुणीच बोललं नाही. ती पहिल्या मजल्यावर पुढच्या बाजूला द्या ना, खिडक्यांकडे. उजेड खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दोन-अडीच पट आत पोचतो असं ऐकलंय. मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात मुलांना बसवू नका.

काटकोन

बरोबर ऐकलंय. मधला पट्टा सामानाची खोली आणि स्वच्छतागृहांना. स्वच्छतागृहं शक्यतो जुन्या उभ्या पाइपांजवळच ठेवा, सांडपाण्याच्या आडव्या लाइनला उतार लागतो आणि लांब नेली की तो उतार खालच्या मजल्याच्या छतात उतरतो. पाइपांच्या नव्या उभ्या वाटेसाठी (शाफ्टसाठी) स्लॅबला भोक पाडायचं तर सळया कुठे आहेत ते आधी स्कॅन करा.

टिकाव

इतकं वाचल्यावर माझं म्हणणं थोडं बदलून मांडतो. कोअर टेस्टचा अहवाल येईपर्यंत पाडायचं किंवा ठेवायचं, दोन्ही ठरवू नका. मालकाशी करारही त्या अटीवरच करा. आणि खर्चाचा निदान पाचवा हिस्सा अनपेक्षित कामांसाठी बाजूला हवा. तेवढा नसेल तर एका वेळी एकच भाग घ्या.

ओळंबा

टिकाव, हे पूर्ण पटलं. करारात चाचण्यांसाठी मुदत आणि आत शिरायची परवानगी स्पष्ट लिहून घ्या.

पिंपळपान

सगळ्यांचे मनापासून आभार. काल समितीची बैठक झाली, हा धागा सगळ्यांनी वाचला होता. ठरलं ते असं: रंगमंच गोदामात, तिन्ही बाजूंनी प्रेक्षक, प्रवेश मागच्या गल्लीतून. तळाच्या गाळ्यांपैकी कोरडे निघतील त्यांत जड संग्रह. पहिल्या मजल्यावर पुढे मुलांची खोली. दुसऱ्या मजल्यावर वाचायला बसायची जागा आणि बुटकी कपाटं, तीही स्लॅबचा अहवाल आल्यावर. आधी गोदाम आणि गाळे, वरचे मजले पुढच्या टप्प्यात. पाडा म्हणणाऱ्या सदस्यांनीही चाचण्यांना होकार दिला.

पन्हळी साफ करायला माणसं लागली आहेत. गच्चीवरचे पत्रे सिमेंटचेच निघाले, त्यांना हात लावलेला नाही, तपासणीसाठी माणूस येतोय. मालकांकडे मूळ नकाशे नाहीत. आता कोअर कुठून काढायचे?

ओळंबा

नकाशे नसतील तर आधी मोजणी करून प्रत्येक मजल्याचा आराखडा बनवा, कॉलमना क्रमांक द्या आणि रिबार लोकेटरने सळया टिपून घ्या. कोअर सळई चुकवूनच काढायचा. जागा अशा निवडा: एक सर्वात चांगला दिसणारा कॉलम, एक सर्वात वाईट, एक बाथरूमखालचा स्लॅब, एक दुसऱ्या मजल्यावर जिथे कपाटं येणार तिथला, आणि तळाच्या प्रत्येक ओल्या कोपऱ्याजवळचा कॉलम. भोकं त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने (भोकात ओतायच्या पातळ सिमेंटच्या मिश्रणाने) भरून घ्या. एका कॉलमच्या पायाशी खड्डा खणून पाया किती खोल आणि किती रुंद आहे तेही पाहा, खणण्याआधी त्या कॉलमभोवतीचे बीम टेकूवर घ्या. आराखडा तयार झाला की इथे टाका, कोअरच्या जागांवर खुणा करून देतो.